तिसऱ्या-कालवांची विषाणू टेस्ट पण करा

मा. संपादक,
स. न.

मी मायक्रोबायोलॉजीच्या लॅबमध्ये काम केलंय म्हणून मुद्दाम लिहितेय. तिसऱ्या, कालवं या खाडीतल्या शिंपल्यांच्या रिपोर्टमध्ये बहुतेक वेळा ई. कोलाय, साल्मोनेला हे बॅक्टेरिया एवढंच बघतात आणि ते ठीक आलं की माल चांगला असं धरून चालतात. पण नोरोव्हायरस (उलट्या-जुलाब करणारा विषाणू) किंवा हिपॅटायटिस ए (काविळीचा विषाणू) असला तर तो त्या रिपोर्टमध्ये दिसणारच नाही! हे शिंपले पाणी गाळून खातात, त्यामुळे खाडीत सांडपाणी आलं की ते गाळताना विषाणू यांच्या पोटात साठतो, नंतर स्वच्छ पाण्यात ठेवलं तर बॅक्टेरिया लवकर निघून जातात पण विषाणू कितीतरी दिवस राहतो.

हे किती महागात पडतं ते १९८८ ला शांघायमध्ये दिसलं, अर्धवट शिजवलेल्या शिंपल्यांतून हिपॅटायटिस ए पसरला आणि जवळपास ३ लाख लोक आजारी पडले.

विषाणू टेस्टची पद्धत ठरलेली आहे, आयएसओ १५२१६ हे आंतरराष्ट्रीय मानक. अख्खं मांस घेत नाहीत, आतली ती काळपट हिरवी पचनग्रंथी ब्लेडने सोडवून घ्यायची कारण विषाणू मुख्यतः तिथेच असतो, ती बारीक करून २ ग्रॅम घ्यायची, प्रोटिनेज के (प्रथिनं तोडणारं एन्झाइम) घालून ३७ डिग्रीला तासभर हलवत ठेवायची, मग ६० डिग्रीला १५ मिनिटं, वरचं पाणी काढून त्यातून आरएनए (विषाणूचा जनुकीय भाग) वेगळा करायचा आणि मग आरटी-पीसीआर, म्हणजे तो आरएनए शोधणारी टेस्ट. सुरुवातीलाच मेंगो नावाचा दुसरा एक विषाणू मोजून नमुन्यात टाकतात आणि शेवटी तो किती परत मिळाला ते बघतात, १ टक्क्याच्या खाली मिळाला तर निगेटिव्ह रिपोर्ट ग्राह्य धरायचा नाही. हे फार महत्त्वाचं आहे कारण कालवांतलं ग्लायकोजेन वगैरे पीसीआर अडवतं आणि विषाणू असूनही निगेटिव्ह येऊ शकतं.

पीसीआरला मेलेल्या विषाणूचा आरएनए पण सापडतो हे खरंय, त्यामुळे पॉझिटिव्ह म्हणजे खाणारा आजारी पडणारच असं नाही. पण त्या जागी माणसाचं सांडपाणी पोचलंय हे तर कळतं ना? युरोपात २०१६ ते २०१८ मध्ये अशी पाहणी झाली, कालवं वाढवतात तिथल्या सुमारे ३४ टक्के नमुन्यांत नोरोव्हायरस सापडला.

आपल्याकडे पुण्याला एनआयव्ही (राष्ट्रीय विषाणू संस्था) आहे, रत्नागिरीला शिरगावचं मत्स्य महाविद्यालय आहे. सरकारने यांना सोबत घेऊन कोकणातल्या खाड्यांचे नमुने दर महिन्याला तपासावेत, पावसाळ्यात तर नक्कीच, आणि निकाल मराठीत जाहीर करावेत. मात्र पॉझिटिव्ह आलं म्हणून ओहोटीला चिखलात उतरून तिसऱ्या काढणाऱ्या बायकांचा धंदा बंद करू नका, खाडीत गटार सोडणाऱ्याला पकडा.

आणि घरी तिसऱ्यांचं तोंड उघडलं की लगेच गॅस बंद करू नका, मांस आतपर्यंत ९० डिग्रीला दीड मिनिट तरी तापायला हवं, म्हणून नीट उकळी येऊ द्या.

आपली,
एक वाचक, रत्नागिरी