पिकअपला चिप बसवण्याआधी

महोदय,

आंब्याच्या पेट्या भरून आंबा, कुंभार्ली किंवा गगनबावड्याचा घाट चढताना गाडी दमली की ‘चिप मारून घ्या’ असा सल्ला हमखास मिळतो. हंगाम तोंडावर आहे, त्यामुळे डिझेल पिकअपच्या मालकांनी पैसे मोजण्याआधी काही गोष्टी समजून घ्याव्यात, म्हणून हे पत्र.

चिप या एका नावाखाली दोन वेगळ्या वस्तू विकल्या जातात. एक छोटी डबी. ती कॉमन रेलच्या, म्हणजे सर्व इंजेक्टरना दाबाखालचे डिझेल पुरवणाऱ्या नळीच्या, प्रेशर सेन्सरच्या वायरीत बसते आणि ईसीएमला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाला, खऱ्यापेक्षा कमी प्रेशर दाखवते. मग ईसीएम पंपाकडून जास्त प्रेशर मागतो. दुसरा प्रकार रीमॅपचा. ओबीडी पोर्टला (गाडीतल्या तपासणीच्या सॉकेटला) लॅपटॉप जोडून ईसीएममधली फाइलच बदलतात; डिझेलचे प्रमाण, इंजेक्शनची वेळ, टर्बोचा बूस्ट (इंजिनात कोंबलेल्या हवेचा दाब), टॉर्कची म्हणजे ओढीची मर्यादा हे सगळे त्यात येते.

डबीचा हिशेब साधा आहे. इंजेक्टरच्या नोझलमधून जाणारे डिझेल साधारणपणे प्रेशरच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. १६०० बारचे १७६० केले, म्हणजे प्रेशर १० टक्के चढवले, तर डिझेल जेमतेम ५ टक्के वाढते. २५ टक्के जादा डिझेल जायचे तर २५०० बार लागतील, आणि १६०० बारसाठी बनवलेल्या पंपाला, रेलला ते झेपणारे नाही. नुसत्या प्रेशरच्या डबीवर ‘२५ टक्के जादा ताकद’ छापलेले असले तरी भरल्या गाडीला घाटात ती मिळत नाही. रेलचा रिलीफ व्हॉल्व्ह उघडून गाडी ऐन चढावर लिंप मोडमध्ये जाते, म्हणजे ईसीएम स्वतःच ताकद तोडतो, ते वेगळेच.

आपल्या किनाऱ्यावर तर डबीचे जोड हीच मोठी दुखणी. खारी हवा, चार महिन्यांचा पाऊस, आणि हर्णै किंवा मिरकरवाड्याहून मासळी वाहणाऱ्या गाडीत हौद्यातून चॅसिसवर ठिबकणारे खारे पाणी. कंपनीच्या कनेक्टरला रबरी सील असते; स्वस्त डबीच्या जोडांना बहुधा नसते. पिनांवर हिरवा गंज चढला की सेन्सरचा व्होल्टेज हलतो. तो अर्ध्या ते साडेचार व्होल्टच्या दरम्यानच असतो, त्यामुळे थोडा फरकही ईसीएमला मोठा वाटतो आणि इंजिन झटके देऊ लागते. मग नीट चाललेला इंजेक्टर बदलला जातो.

मुळात गाडी ओढत नाही याचे कारण बहुतेक वेळा दुसरेच असते. आधी एअर फिल्टर पाहा. चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) खाणीवर जाणाऱ्या गाडीचा फिल्टर लाल धुळीने वेळेआधीच बुजतो. डिझेल फिल्टरमधले पाणी काढा. टर्बोपासून इंटरकूलरपर्यंतचे (दाबलेली हवा थंड करणाऱ्या जाळीपर्यंतचे) होज साबणाचे पाणी लावून पाऊण बार हवेवर तपासा. क्लिपखालची बारीक चीर बूस्ट खाते आणि काळा धूर सोडते. स्कॅनर लावून मागितलेले आणि मिळालेले रेल प्रेशर शेजारी ठेवून बघा. प्रत्येक इंजेक्टरचे रिटर्न, म्हणजे परत येणारे डिझेल, वेगवेगळ्या बाटलीत घ्या. एकीत इतरांपेक्षा खूप जास्त डिझेल आले तर तो इंजेक्टर गेला. चढावर इंजिनचे आरपीएम वाढतात पण वेग वाढत नसेल तर क्लचप्लेट घसरते आहे. अशा गाडीवर चिप लावली तर प्लेट लवकर जळेल, इतकेच.

हे सगळे ठीक असूनही रीमॅप करायचेच असेल तर मूळ फाइलची प्रत आधी मागून घ्या. फाइल चढवताना बॅटरीला चार्जर लावलेला हवा. मध्येच व्होल्टेज पडला तर ईसीएम निकामी होऊ शकतो. वाढ माफक ठेवा. जादा डिझेलला जादा हवा लागते: एक किलो डिझेलमागे सुमारे १८ किलोपेक्षा कमी हवा उरली की काजळी धरू लागते. ३५ अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असताना हवेतली चार टक्क्यांहून जास्त जागा वाफच घेते, त्यामुळे कोरड्या हवेच्या गावात जमवलेली फाइल इथे धूर सोडू शकते. टर्बोच्या आधी एक्झॉस्टचे तापमान दाखवणारा मीटर बसवा आणि ७०० अंशांवर पाय उचला. चौथ्यात १३०० आरपीएमवर रेटण्यापेक्षा तिसऱ्यात २००० वर चढवा. कमी आरपीएमला टॉर्क जास्त आणि हवा कमी, पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड तिथेच मार खातात. चढ संपल्यावर इंजिन लगेच बंद करू नका, दोन मिनिटे आयडलवर ठेवा, नाहीतर टर्बोच्या बेअरिंगमधले ऑइल करपते.

बीएस ६ (प्रदूषणाच्या नव्या निकषाच्या) गाडीत डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, असतो. जादा काजळीने तो लवकर भरतो, आणि जेटी ते बर्फ कारखाना अशा छोट्या फेऱ्यांत त्यातली काजळी जाळण्याची प्रक्रिया पुरी होत नाही. त्या प्रक्रियेसाठी सोडलेले, पण न जळलेले डिझेल ऑइलमध्ये उतरते. डिपस्टिकवर ऑइल वाढलेले दिसले तर ऑइल लगेच बदला. काही जण डीपीएफ कापून ईजीआर (धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात फिरवणारी यंत्रणा) बंद करून देतात. हे कुणीही करू नये. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२ अ (४) नुसार बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. वॉरंटी जाते, विम्याचा दावा अडकू शकतो. आणि त्या धुरात आपलीच मुले रस्त्याने शाळेत जातात.

ताकद वाढली म्हणून भार वाढवणे तर सर्वांत धोक्याचे. एक चिरा २५ ते ३० किलोंचा. दीड टनाच्या गाडीत पन्नास-साठच बसतात. चिपने ब्रेक, टायर, पाटे काहीच बदलत नाही, आणि चढलेला घाट परतीला उतरायचाही असतो.

परिवहन विभागाला एक विनंती. फिटनेस तपासणीत बॉनेट उघडून रेल सेन्सरची वायर आणि खाली वाकून डीपीएफची जागा पाहावी. गॅरेजवाल्यांनीही कोणती फाइल चढवली, बूस्ट आणि रेल प्रेशर आधी किती होते आणि नंतर किती, हे बिलावर लिहून द्यावे.

— डिझेल दुरुस्ती व्यवसायातील एक वाचक, जि. रत्नागिरी