जीसीसी बिल्ड करायला मदत केलेल्या ताईंना, जाहीर थँक्यू

ताई, नमस्कार,

तुमचं नाव टाकत नाही, तुम्हाला ते आवडायचं नाही, पण थँक्यू मात्र सगळ्यांसमोरच म्हणायचंय. झाला एकदाचा जीसीसी १३ (सी, सी प्लस प्लसचा कंपायलर, म्हणजे कोडपासून चालणारा प्रोग्रॅम बनवणारा) सोर्सवरून बिल्ड! त्याच जुन्या सर्व्हरवर, रूट (अ‍ॅडमिनचे अधिकार) नसताना, प्रीफिक्स (इन्स्टॉल करायची जागा) होम डिरेक्टरीतला देऊन.

मी तर १५ च घेणार होतो, नवीन आहे ना. तुम्ही आधी विचारलंत, मशीनवर सध्या कुठला कंपायलर आहे? जीसीसी ४.८.५ म्हटल्यावर लगेच म्हणालात की १५ चा नाद सोड, त्याला स्वतः बिल्ड व्हायलाच सी प्लस प्लस १४ (भाषेची २०१४ ची आवृत्ती) येणारा कंपायलर लागतो, ते ४.८.५ ला पुरतं येत नाही, १३ चं सी प्लस प्लस ११ वर भागतं. नाहीतर आधी मधला एक कंपायलर बिल्ड करा आणि मग त्याने हा करा, म्हणजे सगळं डबल.

जीएमपी, एमपीएफआर वगैरे (जीसीसीला लागणाऱ्या गणिताच्या लायब्ररी) सोर्समधल्या स्क्रिप्टनेच आले आणि ३२ बिटच्या लायब्ररी नाहीत म्हणून अडलेलं कॉन्फिगर (बिल्डच्या आधीची तयारी) मल्टिलिब (६४ बिटसोबत ३२ बिटचंही बनवणं) बंद केल्यावर सुटलं, ते किरकोळ. खरा घोळ मेकला, म्हणजे प्रत्यक्ष बिल्ड चालवणाऱ्या कमांडला. मी तुम्हाला शेवटच्या ओळी पाठवल्या त्यात नुसतं 'एरर २', आणि तुम्ही म्हणालात की हे कारण नव्हे, आठ जॉब एकदम चाललेत, एक मेला तरी चालू असलेले बाकीचे लिहीतच राहतात, सगळं आउटपुट फाइलमध्ये घे आणि त्यात 'किल्ड' शोध. बरंच वर सापडलं, सीसी१प्लसप्लस (सी प्लस प्लस कोड कंपाइल करणारा जीसीसीचा भाग) किल्ड! म्हणजे कोडमध्ये काहीच लोचा नव्हता, रॅम संपली म्हणून कर्नलनेच प्रोसेस उडवली होती. जे (एकदम किती जॉब चालवायचे तो आकडा) २ वर आणलं, हळू पण सुरळीत गेलं.

आणि मध्येच मी वैतागून म्हणालो की एकच कंपायलर तीनतीनदा कशाला बनवायचा, बूटस्ट्रॅप बंद करू का, तेव्हा तुम्ही न चिडता सांगितलंत ते फार आवडलं. पहिला जुन्या कंपायलरने बनलेला, दुसरा त्या पहिल्याने, तिसरा दुसऱ्याने, आणि दुसऱ्या-तिसऱ्याच्या ऑब्जेक्ट फाइली जुळल्या नाहीत तर कुठेतरी चुकीचा कोड बनतोय. इतक्या जुन्या कंपायलरवरून येताना ही तपासणी सोडू नकोस म्हणालात. 'कम्पॅरिझन सक्सेसफुल' दिसलं तेव्हा खुर्चीतून उठलोच मी!

नव्या कंपायलरने बनवलेला प्रोग्रॅम रन करताना ग्लिबसीएक्सएक्सचं (सी प्लस प्लसच्या स्टँडर्ड लायब्ररीचं) व्हर्जन सापडत नाही म्हणून अडेल हेही तुम्ही आधीच सांगून ठेवलेलं, अगदी तसंच झालं, सिस्टीमची जुनी लायब्ररी उचलत होता. आरपाथमध्ये (लायब्ररी कुठे शोधायची तो प्रोग्रॅममधला पत्ता) नवीन लिब६४ फोल्डर दिला, चालला.

मेक चेक (जीसीसीच्या स्वतःच्या टेस्ट) अजून बाकी आहे, त्यासाठी डेजाग्नू हे टेस्ट चालवायचं टूल टाकायचंय. निकाल आला की पाठवतो, फेल दिसले तर पुन्हा तुमचंच डोकं खाणार!