देश सुटल्यावर बदलणारी गोष्टीची रीत

संपादक महोदय,

स.न.वि.वि.

हद्दपारीतल्या कथालेखकांवरचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख मनापासून आवडला, पण अपुरा वाटला. त्यात मायदेशाची ओढ आहे, राजकारणही आहे. मात्र देश सुटल्यावर गोष्ट सांगण्याची रीतच कशी बदलते, यावर एक ओळही नाही. या साहित्याकडे आपण दुःखाचा पुरावा म्हणून बघतो आणि त्यातली कारागिरी नजरेतून निसटते, याची मला खरोखर खंत वाटते.

आयरिश कादंबरीकार जेम्स जॉइस स्वतःहून परागंदा झालेला. १९१२ नंतर त्याने डब्लिन पाहिले नाही. डब्लिनमध्येच घडणारी 'युलिसिस' ही कादंबरी पुरी करताना त्याने पॅरिसहून आपल्या मामीला पत्र लिहून विचारले, की एकल्स स्ट्रीटवरच्या सात नंबरच्या घराच्या कुंपणावरून साध्या माणसाला इजा न होता खाली उतरता येईल का? गावातच राहणारा लेखक चालत जाऊन बघून आला असता, किंवा सरळ अंदाजाने लिहून मोकळा झाला असता. दुरावलेल्याला ती मुभा नसते. त्या कादंबरीत तपशील इतका दाटला आहे, त्यामागे मला हे अंतर दिसते.

सोमालियाच्या नुरुद्दीन फराह यांचे उदाहरण तर थेट व्याकरणाचे आहे. वीसहून अधिक वर्षे त्यांना मायदेशी जाता आले नाही. त्या काळातल्या 'मॅप्स' (१९८६) या कादंबरीत अस्कर या एकाच मुलाची कहाणी कधी 'मी', कधी 'तू', तर कधी 'तो' अशी येते. आपण नक्की कुठले, हा प्रश्न त्यांनी पात्राच्या तोंडी भाषण म्हणून घातला नाही. सर्वनामेच अस्थिर केली. मी ती वाचताना पुन्हा पुन्हा मागची पाने उलटत होतो.

आणि वाचक कोण? चेक कादंबरीकार मिलान कुंदेरा १९७५ मध्ये देश सोडून फ्रान्सला गेले. 'हास्य आणि विस्मरणाचे पुस्तक' त्यांनी चेक भाषेत लिहिले, पण १९७९ मध्ये ते आधी फ्रेंच अनुवादातून छापले गेले. त्यात निवेदक मध्येच थांबून 'लीतोस्त' या चेक शब्दाचा अर्थ उलगडत बसतो. घरच्या वाचकाला हे सांगायची गरज नसते. परक्यांसाठी केलेला हा खुलासाच तिथे कथेचा भाग होतो.

म्हणून विनंती एवढीच, की अशा पुस्तकांच्या परीक्षणांत लेखकाच्या हालअपेष्टांबरोबर निवेदक कोण आहे आणि तो कोणाला उद्देशून बोलतो आहे, हेही येऊ द्यावे.

आपला,
एक नियमित वाचक