तक्ता कुणाचा, माप कुणाचं?

संपादक महोदय,

परवा तुमच्या पेपरात पानभर कॉम्प्युटरची जाहिरात होती, डावीकडे 'आमचा', उजवीकडे 'त्यांचा', आमच्यासमोर सगळीकडे हिरव्या खुणा आणि त्यांच्यासमोर लाल फुल्या. प्रतिस्पर्ध्याशी तुलना करायला माझी काही हरकत नाही, उलट गिऱ्हाइकाला त्यातूनच कळतं, पण दोन्हीकडे माप तरी एकच लावा ना!

स्टोरेजचंच घ्या. आमचं १ टीबी, त्यांचं २५६ जीबी, म्हणजे जवळपास चौपट, असं ठसठशीत छापलंय. पण आमचं म्हणजे फिरती हार्ड डिस्क आणि त्यांचं म्हणजे एसएसडी (काहीच न फिरणारी, चिपवर साठवणारी), हे कुठे तर पार तळाला, भिंग घेऊन वाचावं लागेल असं. हार्ड डिस्क सेकंदाला साधारण १०० ते २०० एमबी वाचते, साधी साटा (जुन्या जोडणीची) एसएसडीसुद्धा ५०० च्या आसपास जाते, एनव्हीएमई (नव्या, वेगवान जोडणीची) तर हजारांत. त्यात मशीन सुरू होताना असंख्य बारक्या फायली इकडून तिकडून उचलाव्या लागतात, डिस्कचं हेड दरवेळी सरकत बसतं आणि आपण ताटकळतो. (१ टीबीचे विंडोजमध्ये ९३१ जीबीच दिसतात ते वेगळं, कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या, ते सगळ्यांचंच तसं आहे, त्यावरून मी भांडणार नाही.)

नेटवर्किंगची ओळ तर भारीच, 'वायफाय ६, ९.६ जीबीपीएसपर्यंत'. अहो हा आठ स्ट्रीमचा, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या आठ रेडिओ-प्रवाहांचा, कागदावरचा आकडा, लॅपटॉपला सहसा दोनच अँटेना असतात, म्हणजे फार तर २.४, आणि राउटर जुना असला तर तेही विसरा. शिवाय जीबीपीएस म्हणजे सेकंदाला गिगाबिट, हे बिट आहेत, बाइट करायला आठाने भागायचं, २.४ जीबीपीएस म्हणजे सेकंदाला ३०० एमबी. आता हे ३०० एमबी लिहून घेणार कोण, तर तीच १ टीबीची हार्ड डिस्क, जिला १५० लाच धाप लागते! एकाच मशीनचे दोन दावे एकमेकांच्या पायात पाय घालतात आणि दोघांनाही हिरवी खूण. लॅनचं पोर्ट (वायरने नेट जोडायची जागा) 'आमच्या'त आहे की काढून टाकलंय, ती ओळ तक्त्यात नाहीच.

२००३ मध्ये ब्रिटनमध्ये ॲपलच्या पॉवर मॅक जी५ ची 'जगातला सर्वात वेगवान पर्सनल कॉम्प्युटर' ही टीव्ही जाहिरात प्रेक्षकांच्या तक्रारींवरून बंद करायला लावली होती. म्हणजे वाचकांनी बोललं तर फरक पडतो.

तुमच्या जाहिरात विभागाला एवढंच सांगा की तुलनेचा तक्ता छापायचा तर डिस्कचा प्रकार आकड्याच्या शेजारी, त्याच टायपात हवा, आणि 'पर्यंत' हा शब्दही. जाहिरातदार नाही म्हणाला तर का नाही म्हणाला ते याच पानावर छापा, आम्ही आवडीने वाचू.

– एक नियमित वाचक