बर्डीवरच्या भाऊ, तुम्ही मला बॅटरी विकली नाही म्हणून

प्रिय भाऊ,

सप्रेम नमस्कार. वयाच्या मानाने मी 'अनेक आशीर्वाद' लिहायला हवं, पण ज्याच्याकडून काही शिकलो त्याला नमस्कारच करायचा, अशी आमच्या वडिलांची शिस्त होती.

तुमच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानाला पाटी नाही. 'नाव नका टाकू काकू, लोक उगाच येऊन बसतात,' असंही तुम्ही बजावलंत. म्हणून नागपूरच्या बर्डी बाजारातली कोणती गल्ली आणि कोणता जिना ते लिहीत नाही. ज्याला ओळखायचं तो एका पायाला दोरी गुंडाळलेल्या लाल स्टुलावरून ओळखेल. त्या स्टुलावर मी मे महिन्यात तीनदा बसले. तिन्ही वेळा तुम्ही माझ्याकडून एक रुपया घेतला नाही, म्हणून हे पत्र. मुलगा म्हणाला, आई, लिहिलंच आहेस तर सगळ्यांना वाचू दे.

ज्यांना गोष्ट माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं मागे जाते. नागपूरच्या महाल भागातल्या एका वाचनालयात मी ३१ वर्षं नोकरी केली. आता एका डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसरा अजून पिकायचाय. छापील पुस्तकाचं अक्षर लागत नाही. मुलाने ई-बुक रीडर आणून दिला तेव्हा मी नाक मुरडलं होतं. पण अक्षर बोराएवढं करता येतं म्हटल्यावर कुरकूर संपली. दोन वर्षं सुखात गेली. रोज अर्धा-पाऊण तास वाचायचं आणि तीन आठवड्यांतून एकदा चार्जिंगला लावायचं. कधी लावलं होतं तेही आठवायचं नाही.

या वर्षी पाडवा झाला आणि आठवड्याभरात सगळं बिघडलं. रात्री निजताना ९८ टक्के, सकाळी चहाच्या वेळी ३८. संध्याकाळपर्यंत पडदा कोरा. मध्ये मी एक पानसुद्धा वाचलेलं नसायचं.

पुण्याहून मुलगा म्हणाला, वायफाय बंद कर. केलं. यजमान म्हणाले, ऊन किती आहे, यंत्र तरी काय करेल! एका दुकानात नीट न बघताच 'बॅटरी गेली, अठराशे लागतील' असं सांगितलं. दुसऱ्या ठिकाणी बोर्ड गेला म्हणाले, आणि नवीनच घ्या असा सल्लाही वर. दोघांनाही मी सांगत होते की हे एकदम झालंय, हळूहळू नाही. ऐकून घ्यायला कोणाला वेळ नव्हता. त्यांना नावं ठेवत नाही. गिऱ्हाइकांच्या रांगेत म्हातारीची कहाणी कोण ऐकणार?

मग तुमच्याकडे आले. चितार ओळ चौकातून मेट्रोत बसले आणि बर्डीला उतरून चालत आले तोवर डोक्यावरचा रुमाल वाळून कडक झाला होता. पारा ४५ च्या घरात. यंत्र काउंटरवर ठेवून मी सरळ म्हटलं, 'बॅटरी बदलून द्या.'

तुम्ही ते उचललं, पाठीवरून हात फिरवला, आणि शेजारी पडलेल्या एका बंद फोनवर दुसरा हात ठेवला. थोडा वेळ दोन्हींकडे बघत राहिलात. मग म्हणालात, 'बॅटरी काऊन बदलून राहिल्या काकू? याले ताप आहे. बंद पडद्याचं यंत्र गरम नाही राहत.'

त्या दिवसांत पिण्याच्या पाण्यापासून पायातल्या चपलेपर्यंत सगळंच तापलेलं असायचं. हे यंत्र वेगळं तापलंय हे मला घरी कधी कळलंच नाही. शेजारी दुसरी वस्तू ठेवून ताडून बघायचं, एवढी साधी गोष्ट आमच्या घरातल्या चार शिकलेल्या माणसांना सुचली नाही. तुम्ही म्हणालात, वीज गेली म्हणजे कुठे तरी गेली. उजेड नाही, आवाज नाही, मग ती उष्णता होऊन बाहेर पडते. आतलं कोणी तरी जागं आहे.

माझा एक गैरसमज तुम्ही त्याच वेळी काढलात. मला वाटायचं, झोपलेल्या यंत्राच्या पडद्यावर चित्र दिसतं तेच वीज खात असणार. तुम्ही सांगितलंत की या पडद्यावरची शाई एकदा बसली की वीज न घेता तशीच राहते. पान उलटताना तेवढी लागते. बॅटरी काढून टाकली तरी चित्र जागचं हलणार नाही.

मी पिशवीतून वही काढली. रोज रात्री किती टक्के, सकाळी किती, मधल्या वेळात काय बदल केला, असं बारा दिवसांचं टिपण होतं. आयुष्यभर दाखल नोंदवही भरली, सवय जात नाही. वही बघून तुम्ही हातातला सोल्डरिंगची गन खाली ठेवलीत. त्या क्षणी मला आपण योग्य ठिकाणी आलो असं वाटलं.

पुढचा हिशेब तुम्ही बिलबुकाच्या पाठीवर मांडलात. ते चिठोरं माझ्याकडे आहे. बॅटरीत मावणारी वीज साधारण १५०० मिलिअँपिअर-तास धरली. रात्री १० ते सकाळी ७ हे नऊ तास. त्यात ६० टक्के गेले, म्हणजे ९००. नऊने भागलं की तासाला १००. आणि पूर्वी? तीन आठवडे म्हणजे ५०४ तास. तेवढ्यात तीच बॅटरी वाचनासकट पुरायची, म्हणजे सरासरी जेमतेम ३. 'झोपेत तीसपट कोणी खाते का काकू?' तुम्ही विचारलंत. यंत्र न उघडता, नुसत्या भागाकाराने, आजाराचा आकार कळला. आमच्या गणिताच्या बाईंना हे दाखवायला हवं होतं.

मग तुम्ही मला घरी पाठवलंत आणि रोज एकच गोष्ट बदलायला सांगितलीत. दोन नाही, एकच. पहिल्या रात्री कव्हर काढून ठेवायचं. कव्हरात चुंबक असतो, तो सैल झाला की बॅग हलली तरी यंत्र जागं होतं. दुसऱ्या रात्री वायफायचं पुन्हा तपासायचं. तिसऱ्या रात्री पूर्ण बंद, झोपवलेलं नाही, बंद. कव्हर काढलं त्या रात्री घट तेवढीच. वायफायच्या रात्रीही तेवढीच. तिसऱ्या रात्री बंद करताना ९७ होते आणि सकाळी चालू केलं तर ९७.

वहीत तो आकडा लिहिताना माझा हात थांबला. बॅटरी आपणहून उतरत असती, किंवा बोर्डावर कुठे गळती असती, तर बंद असतानाही काही तरी उतरलं असतं. अठराशे रुपये वाचले असं तेव्हाच वाटलं होतं. तरी फोन करून विचारल्यावर तुम्ही म्हणालात, 'घाई नका करू, टक्क्याचा काटा खोटं बोलत असेल तर?' म्हणून एकदा पूर्ण उतरवून पूर्ण भरायला लावलंत. टक्के म्हणजे यंत्राचा अंदाज, मोजमाप नव्हे, हेही तुमच्याकडूनच कळलं. काटा खरं बोलत होता.

दुसऱ्या खेपेला तुम्ही एकच प्रश्न विचारलात: पाडव्याच्या सुमारास यात नवीन काय टाकलं?

मी आधी 'काही नाही' म्हटलं. घरी जाऊन आठवलं. जुन्या दिवाळी अंकांतल्या कथा मी गेली दोन वर्षं टाइप करते आहे, स्वतःला मोठ्या अक्षरात वाचायला. त्यांची एक भलीमोठी फाइल करून कॉम्प्युटरवरून यंत्रात टाकत होते. तेवढ्यात गॅसवर दूध उतू गेलं. धावले. परत येऊन केबल ओढून काढली. कॉपी पुरी झाली होती का? कोण बघतं!

तिसऱ्या खेपेला हे सांगितलं तेव्हा तुम्ही हसला नाहीत, याचं मला फार बरं वाटलं. म्हणालात, 'असा शब्द शोधा जो कोणत्याच पुस्तकात नसेल.' ३१ वर्षं लोकांना हवा तो शब्द शोधून देण्यात गेलेली बाई मी, आणि आता कुठेच नसलेला शब्द शोधायचा होता. झेड, क्यू, एक्स, पुन्हा झेड, असं काही तरी दाबलं. यंत्राने सांगितलं, असा शब्द कुठे नाही. आणि खाली बारीक अक्षरात, एका पुस्तकाची सूची अजून व्हायची आहे. त्यावर बोट टेकवलं तर माझे दिवाळी अंक!

हे मला तुम्हाला समजावून सांगावं लागलं नाही, तसं तुम्हालाही मला सांगावं लागलं नाही. आत एक सूचिकार, म्हणजे सूची करणारा प्रोग्रॅम, बसलेला असतो. प्रत्येक नवं पुस्तक तो पहिल्या शब्दापासून वाचतो आणि कोणता शब्द कुठे आहे याची नोंद करतो, म्हणजे आपण शोधलं की लगेच सापडतं. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे जे पाच नियम मांडले त्यातला चौथा हाच: वाचकाचा वेळ वाचवा. माझ्या सूचिकाराच्या हाती शेवटची पानं फाटलेलं पुस्तक आलं होतं. तो वाचत वाचत फाटक्या जागेपर्यंत जायचा, अडखळायचा आणि पुन्हा पहिल्या पानावर यायचा. रात्रभर दिवा लावून. यंत्र झोपलं तरी तो झोपत नव्हता. असे लोक मी नोकरीत पाहिलेत, भाऊ, पण ते निदान पाच वाजता घरी जायचे.

फाइल पुसली. यंत्र नव्याने सुरू केलं. गप्पांत अर्धा तास गेला तेवढ्यात पाठ गार झाली. पुन्हा तुम्ही एक हात बंद फोनवर, एक यंत्रावर ठेवलात. या वेळी माझेही दोन्ही हात ठेवायला लावलेत.

घरी येऊन तीच फाइल पुन्हा टाकली. या वेळी दूध आधी उतरवलं, कॉपी पूर्ण होऊ दिली, आणि 'सुरक्षित काढा' म्हटल्यावरच केबल काढली. पहिल्या दिवशी चार टक्के जास्त उतरले तेव्हा धस्स झालं होतं. पण नवं पुस्तक आलं की सूचीचं काम एकदाच होतं, त्याला थोडी वीज लागणारच, असं तुम्ही आधी सांगून ठेवलं होतं म्हणून फोन केला नाही.

तुम्ही जाता जाता सांगितलेल्या दोन गोष्टीही लिहून ठेवते, दुसऱ्या कोणाला उपयोगी पडतील. एक, नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या त्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, चार्जिंग खिडकीत करायचं नाही. अशा यंत्रांच्या पुस्तिकेत साधारण ३५ अंशांपर्यंतच वापरा असं छापलेलं असतं आणि आमची दुपारची खिडकी त्याच्या कितीतरी वर. गरम जागेत पूर्ण भरून ठेवलेली बॅटरी लवकर म्हातारी होते. आता मी पहाटे कूलरच्या खोलीत लावते आणि पूर्ण भरायच्या आत काढते. दुसरी, यजमानांच्या फोनची. आमच्या जुन्या वाड्याच्या भिंती दीड हात जाड. माजघरात नेटवर्क एक काडी, तीही येऊन-जाऊन. फोन टॉवर शोधत जोर लावत बसतो आणि संध्याकाळी मान टाकतो. फोन पडवीत ठेवायला लागल्यापासून दिवस निघतो. मात्र आता वाजला की पळत जावं लागतं. यजमान त्यालाच व्यायाम म्हणतात.

पैशांचं मी विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, 'मी काय बदललं काकू? काहीच नाही न.' एवढं बोलून पुढच्या माणसाचा फोन हातात घेतलात.

मला यावर वाद घालायचाय. बदललं नाही हेच तर काम होतं. बॅटरी बदलायला तुम्हाला वीस मिनिटं लागली असती आणि पैसे मिळाले असते. ती बदलूनही माझा सूचिकार नव्या बॅटरीवर तसाच जागत बसला असता, आणि मी यंत्रच वाईट म्हणून कपाटात टाकलं असतं. त्याऐवजी तीन खेपांत मिळून दीडेक तास तुम्ही माझ्या वहीवर घालवलात. मागे माणसं उभी होती. एकाने तर घड्याळ दाखवलं होतं, मी पाहिलं.

पैसे घेणार नाही म्हणालात, खाणार नाही असं म्हणाला नाहीत. म्हणून शनिवारी कैरीचा तक्कू पाठवला आहे. मेथीची फोडणी आहे, गूळ जरा जास्त पडलाय. बरणी आमच्या सासूबाईंची, घाई नाही, पण फोडू नका.

कालची नोंद: रात्री साडेदहा, ९१. सकाळी सहा, ९१. शेरा: काही नाही.

आपली,
लाल स्टुलावरच्या काकू
चितार ओळ, नागपूर