बार्शी लाईट म्हणजे नुसता विनोद नव्हे

संपादक महोदय,
स. न.

बार्शी लाईट या आमच्या जुन्या छोट्या रेल्वेचा विषय निघाला की कुणीतरी तोच किस्सा सांगतो: चालत्या गाडीतून उतरायचं, चिंचा गोळा करायच्या आणि पुन्हा त्याच डब्यात चढायचं. लहानपणी आम्हीही हसलो. आता वाईट वाटतं, कारण आमच्या नातवंडांना या गाडीबद्दल तेवढंच ठाऊक आहे.

मुंबई-सोलापूर लोहमार्ग बार्शीला बाजूला ठेवून गेला. पेठेतला माल बैलगाड्यांतून सुमारे ३५ किलोमीटर कुर्डुवाडीला न्यावा लागे. त्या स्टेशनाचं तेव्हाचं नावच ‘बार्शी रोड’. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरने १८९५ मध्ये लंडनला कंपनी काढली आणि १८९७ मध्ये अडीच फुटी रुळांवरून गाडी बार्शीत आणली. एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार पडू द्यायचा नाही, या एकाच हिशेबावर त्याने इंजिनं, डबे, वाघिणी बांधून घेतल्या. त्यामुळे हलक्या रुळांवरूनही भरपूर माल जाऊ लागला. हीच पद्धत पुढे १९०४ मध्ये इंग्लंडमधल्या लीक-मॅनिफोल्ड मार्गावर वापरली गेली. म्हणजे आधी बार्शी, मग इंग्लंड! १९०६ मध्ये ही लाईन पंढरपूरला, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला पोहोचली. १९५४ मध्ये ती सरकारने घेतली.

साठच्या दशकात आईबरोबर मी या गाडीने पंढरपूरला जायचो. खिडकीबाहेर डोकं काढलं की डोळ्यात कोळशाची कणी जाणारच. आई पदराचं टोक तोंडाच्या वाफेने गरम करून डोळ्यावर धरायची. डब्यात भाकरी-चटणीची फडकी सुटलेली, कोपऱ्यात वारकऱ्यांचे टाळ, आणि तिकीट जाड पुठ्ठ्याचं, मुठीत घामेजलेलं.

गाडी मागे पडली ती एसटीमुळे, हेही खरं. १ जून १९४८ ला पुणे-नगर मार्गावर पहिली एसटी धावली आणि बघता बघता लाल गाडी आमच्या भागात वेशीपर्यंत येऊ लागली. स्टेशनापर्यंत दोन कोस चालणाऱ्या बाईला ती सोयीचीच. तिला दोष कसा द्यायचा? पण आषाढीला माणसं टपावर बसून जायची ती याच छोट्या गाडीच्या. २००८ मध्ये कुर्डुवाडी-लातूर मार्ग ब्रॉडगेज झाला. ते व्हायलाच हवं होतं, आमचीच मागणी होती.

माझी विनंती दोन गोष्टींची. बार्शी टाउन स्टेशनावर हा सगळा इतिहास ठळक मराठीत लिहिलेला मोठा फलक लावावा. आणि आपल्या वृत्तपत्राने आवाहन करून जुनी तिकिटं, पास, फोटो, रेल्वेत नोकरी केलेल्यांच्या आठवणी गोळा कराव्यात. त्यातले बरेच जण आता ऐंशीच्या पुढे आहेत, म्हणून हे याच वर्षी व्हावं. वडिलांच्या पेटीत सापडलेली पुठ्ठ्याची तीन तिकिटं मी जपून ठेवली आहेत. सांगाल तिथे आणून देईन.

आपला,
एक ज्येष्ठ वाचक, बार्शी