‘आधी कागद, मग विमान’ म्हणणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

माझं नाव कुठे लिहू नकोस, असं तुम्ही बजावलंत, म्हणून लिहीत नाही. पण पत्र मुद्दाम चारचौघांत लिहितेय. दादर-परळच्या क्लासेसमधल्या ओळखीच्या निम्म्या शिक्षकांना परदेशी जाऊन इंग्रजी शिकवायचंय आणि सगळे मला एकच विचारतात, ‘एजंट कोण होता?’ एजंट नव्हता. तुम्ही होतात.

खरं तर एजंट होता आधी. व्हिएतनाममधल्या, हनोईतल्या एका सेंटरचं ऑफर लेटर त्यानेच आणून दिलं होतं. टुरिस्ट व्हिसावर जा, वर्क परमिटचं तिकडे गेल्यावर बघू, असं त्याचं म्हणणं. आईने तर सोसायटीत पेढे वाटायची तयारी केली होती. ते पत्र तुम्ही शिवाजी पार्कजवळच्या ‘प्रकाश’ उपाहारगृहात, पियूषचा ग्लास बाजूला सरकवून, पेन्सिल हातात घेऊन वाचलंत. पगार तासावर लिहिलाय, पण आठवड्याला किमान किती तास देणार ते कुठेय? तिथे खूण. टेटला, म्हणजे त्यांच्या नववर्षाला, सेंटर बंद असतं, तेव्हाचं काय? दुसरी खूण. परमिटचा खर्च कोण करणार? तिसरी. मग म्हणालात, ‘परमिट मालकाने काढायचं असतं. तो काढत नसेल तर तू तिथे नोकर नाहीस, पाहुणी आहेस. आणि पाहुणीला पगार मागता येत नाही.’

मला त्या दिवशी तुमचा रागच आला होता. हातातोंडाशी आलेलं कोण सोडतं? पण सोडलं. त्या एजंटाला दिलेलं नोंदणीचं शुल्क काही परत मिळालं नाही, पण तेवढ्यावर निभावलं.

पुढची नोकरी तुमच्या जुन्या सहकारी बाईंच्या ओळखीने आली, आणि मग सुरू झाली कागदांची वारी. ज्यांना जायचंय त्यांनी हे नीट वाचावं, म्हणून सविस्तर लिहितेय. पदवी आधी राज्य सरकारकडून साक्षांकित करायची, मग परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का, मग व्हिएतनामच्या वकिलातीचा. नशिबाने त्यांची वकिलात मुंबईतही आहे. माझ्या वेळी व्हिएतनामला अपोस्टिल, म्हणजे वकिलातीत न जाता परराष्ट्र मंत्रालयाच्या एकाच शिक्क्यावर भागणारं प्रमाणपत्र, चालत नव्हतं, जाणाऱ्याने आजचा नियम स्वतः विचारून घ्यावा. पोलीस क्लिअरन्ससाठी, म्हणजे आपल्यावर गुन्हा नाही या दाखल्यासाठी, पासपोर्ट सेवा केंद्रात जायचं, आणि तेही सर्वांत शेवटी. ‘पदवी शिळी होत नाही, पोलिसांचा दाखला सहा महिन्यांत शिळा होतो,’ हे तुमचं वाक्य मी आता इतरांना ऐकवते. एकाने उलटं केलं आणि पदवीवर शिक्के बसेपर्यंत त्याचा दाखला बाद झाला.

आणि ते नाव! मुंबई विद्यापीठाच्या कागदावर आडनाव आधी, मग माझं, मग बाबांचं आणि शेवटी आईचं. पासपोर्टवर आईचं नावच नाही आणि आडनाव सगळ्यांत मागे. आपल्याला यात काही वावगं दिसत नाही, पण बाहेरच्या माणसाला त्या दोन वेगळ्या बायका वाटतात. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत असं प्रतिज्ञापत्र आधीच नोटरी करून फाइलमध्ये ठेवायला तुम्ही लावलंत. इथल्या एचआरच्या मुलीने नेमकं तेच विचारलं. मी फाइल उघडून कागद समोर ठेवला, तेव्हा तिच्यापेक्षा मलाच जास्त आश्चर्य वाटलं.

पण ताई, कागदांपेक्षा मोठं काम तुम्ही डोंबिवलीच्या तुमच्या हॉलमध्ये केलंत. डेमो लेसनची तालीम. तुम्ही, तुमचे बाबा आणि शेजारचा सातवीतला मुलगा, असे तिघं विद्यार्थी. अट अशी की इंग्रजी कुणालाच येत नाही आणि मराठीत बोलायचं नाही. मी नेहमीच्या सवयीने काळांचा तक्ता काढायला घेतला. सूचना द्यायला चार वाक्यं बोलले, की तुम्ही मख्ख चेहऱ्याने बघत बसायचात. बाबा मात्र प्रत्येक वाक्याला ‘येस टीचर’ म्हणायचे आणि वहीत भलतंच काहीतरी लिहायचे. (रेल्वेतून निवृत्त झालेला माणूस इतका छान अभिनय करतो, हे कुणाला सांगून पटणार नाही.) शेवटी वैतागून मी खडू ठेवला आणि हाताने करून दाखवलं, तेव्हा तुम्ही म्हणालात, ‘आता शिकवायला लागलीस.’

उच्चारांचंही तसंच. व्हिएतनामी शब्दांच्या शेवटी स, ल, फ हे ध्वनी येत नाहीत, त्यामुळे राइस, राइड, राइट मुलांच्या तोंडून एकसारखेच निघतात. हे तुम्ही आधी सांगितलं होतंत, म्हणून डेमोत मी तेवढंच घेतलं: शेवटचा आवाज. चित्रं, टाळ्या आणि तीन शब्द. मुलाखत घेणाऱ्या बाई मागच्या बाकावर बसून टाळ्या वाजवत होत्या.

‘फक्त नेटिव्ह स्पीकर’ असं लिहिलेल्या जाहिरातींवर वेळ घालवू नकोस आणि इंग्रजी बोलायची ढबही बदलू नकोस, हा तुमचा सल्ला मी पाळला. सीव्हीत आयईएल्टीएस या इंग्रजीच्या परीक्षेचा स्कोअर आणि 120 तासांचं टेफल, म्हणजे परभाषिकांना इंग्रजी शिकवण्याच्या कोर्सचं प्रमाणपत्र, सगळ्यात वर ठेवलं. तरी खरं सांगते, शेजारच्या वर्गात माझ्याइतकंच काम करणाऱ्या ब्रिटिश पासपोर्टवाल्या मुलाला माझ्याहून जास्त मिळतात. राग येतो. पण तुम्ही ते आधीच सांगितलं होतंत, त्यामुळे धक्का तरी बसला नाही. कराराच्या नूतनीकरणाला हा विषय काढणार आहे, कसा काढायचा ते फोनवर सांगा.

स्कूटर अजून घेतलेली नाही, काळजी नसावी. आपल्या आरटीओचं इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट 1949 च्या आंतरराष्ट्रीय वाहतूक करारातलं आणि व्हिएतनाम 1968 चं मानतं, त्यामुळे अपघात झाला तर विमावाले हात वर करतील, हे तुम्ही सांगितलंत. इथले निम्मे परदेशी शिक्षक तसेच हिंडतात आणि मला घाबरट म्हणतात. म्हणोत. बस आहे, पाय आहेत.

बाकी हनोई छान आहे. खाण्याचं अडत नाही. आम्ही मालवणी, फिश सॉसच्या वासाने आम्हाला उलट घरची आठवण येते. हिवाळा सरताना मात्र भिंतींना आणि फरशीला पाणी सुटतं, कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत. आपला जुलै परवडला. 20 नोव्हेंबरला त्यांचा शिक्षकदिन झाला आणि माझं टेबल फुलांनी भरलं. तुम्हाला फोटो पाठवला होता, तुम्ही फक्त अंगठा पाठवलात. चालतंय.

एक काम आहे. क्लासमधली माझी एक मैत्रीण, परळलाच राहते, तिलाही ऑफर लेटर आलंय. मी वाचलंय, तासांचा आकडा यातही नाही. पण माझ्यापेक्षा तुमच्या पेन्सिलवर तिचा विश्वास बसेल. शनिवारी दुपारनंतर तिला फोन करायला सांगितलंय, बाबांची झोप झाल्यावर. पियूषचे पैसे तिच्याकडून घ्या, माझ्या वेळचे तुम्ही देऊ दिले नव्हतेत.

टेटच्या सुटीत मुंबईला येतेय. कॉफी आणतेच आहे, बाबांसाठी वेगळं काही हवं असेल तर कळवा.

तुमची,
‘येस टीचर’